एक भिंत मोकळी ठेवा : कोल्हापूरच्या चित्रकारांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरात समूह प्रदर्शन भरवणारे सर्व चित्रकार, शिल्पकार आणि संयोजक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या निम्म्याअधिक जणांना मी ओळखते. काही जण माझ्या वर्गात एलिमेंटरीला बसले होते. स्मरणचित्राच्या पेपरला रडकुंडीला आलेल्या मुलांची जलरंगातली कामं आज मुंबईच्या दालनांत लागतात, ते बघून ऊर भरून येतो. आता तुम्ही सगळे मिळून शहराच्या कलाकारांचं आणि शहराच्या वारशाचं प्रदर्शन भरवताय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे पत्र नुसतं अभिनंदनाचं नाही. एक मागणी आहे. दालनातली एक भिंत मोकळी ठेवा. तुमच्यापैकी कुणाचंही चित्र तिथे लावू नका.

का, ते सांगते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शिवाजी पेठेतून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. वाडा पाडायचा ठरला होता, सामान हलवणं चाललं होतं. म्हणाला, "बाई, माळ्यावर एक चित्र सापडलंय. ठेवायचं का टाकायचं, तेवढं बघून सांगा." मी गेले. पत्र्याच्या ट्रंकेमागे, भिंतीकडे तोंड करून ते उभं होतं. दीड फूट बाय अडीच फुटाच्या आसपास, कॅनव्हासवर तैलरंग. चुलीच्या धुराचा असा थर बसला होता की आधी मला ती संध्याकाळ वाटली. दारात उजेडात आणलं तेव्हा पंचगंगेचा घाट दिसला. पाणी चढलेलं, दीपमाळा पायापाशी बुडालेल्या, पायरीवर धुणं घेऊन एक बाई ओणवी. तिच्या पाठीवरच्या लुगड्यावर एकच हात फिरवलेला पिवळसर पांढरा. तेवढ्या एका हातानं सगळं ऊन चित्रात आलं होतं.

सही उजव्या कोपऱ्यात होती, पण कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ओल्या फडक्यानं नेमकं तिथंच घासलं होतं. मोबाइलची बॅटरी बाजूनं आडवी धरून पाहिलं. पहिलं अक्षर 'ग' की 'म', एवढ्यावर गाडी अडली. मग चित्र उलटं केलं. मागच्या लाकडी पट्टीवर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं : "सकाळ ७॥". नाव नाही, साल नाही. चित्रकाराला वेळ लिहून ठेवावीशी वाटली, कारण दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात तो पुन्हा घाटावर जाणार होता.

"अशी अजून होती का?" मी विचारलं.

"दोन होती. एक आजीसारख्या कुणाचं तरी, एक फेटेवाल्यांचं. परवाच भंगारवाल्याला दिली. फ्रेमच्या सागवानाचे शंभर रुपये दिले त्यानं."

त्या पोराला मी बोल लावत नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझ्यासारख्यांचं होतं. पण घरी येऊन मला दोन दिवस काही सुचलं नाही. फेटेवाले कुणाचे तरी पणजोबा असतील. ती आजी कुणासमोर तरी तास-दोन तास हात मांडीवर ठेवून बसली असेल. शंभर रुपये.

आपल्या गावानं कला आगीत गमावली, पाण्यात गमावली. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ सालचं ते नाट्यगृह जळताना माणसं खासबागेच्या रस्त्यावर उभी राहून रडली. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रंगवून तयार झालेल्या गणेशमूर्ती डोळ्यांदेखत विरघळल्या. ही दुःखं आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती सगळ्या गावानं एकदम पाहिली. भंगाराच्या गाड्यावरून जे जातं ते कुणी पाहत नाही. एका वाड्यातून दोन, दुसऱ्यातून एक. त्याची बातमी होत नाही, त्याला वर्गणी जमत नाही. माझ्या अंदाजानं आग आणि पाणी मिळून जेवढं गेलं, त्याच्यापेक्षा जास्त या वाटेनं गेलं असेल. हा माझा अंदाज आहे, मोजदाद नाही. मोजदाद कुणी केलीच नाही, हेच माझं म्हणणं आहे.

आपण कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतो तेव्हा ठरलेली नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. आबालाल रहिमान. वडील कुराणाच्या सुलेखनाची कामं करणारे, मुलगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून परत आला आणि शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार झाला. कोटितीर्थाच्या काठानं, रंकाळा तलावावर, संध्यामठापाशी तासन् तास बसणारा, रंगसुद्धा स्वतः घरी तयार करणारा माणूस. १९३१ साली ते गेले. आयुष्यभर अखंड काम केलेल्या या माणसाची आज बघायला मिळणारी चित्रं किती? टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन पाहा, आणखी दोन-चार संग्रह धुंडाळा, यादी लवकर संपते. मग बाकीची गेली कुठे? सगळी काही जळाली नाहीत, वाहून गेली नाहीत.

आनंदराव आणि बाबूराव, मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. लोकांनी त्यांच्या कामावरून त्यांना 'पेंटर' म्हटलं आणि तेच आडनाव झालं. हे आडनाव मला फार मोलाचं वाटतं. संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्राचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली अकाली गेले. बाबूरावांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि त्यासाठीचं भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेनं दिलं. १९२०च्या 'सैरंध्री'नंतर लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. दामले आणि फत्तेलाल याच कंपनीत हात बसवून पुढे १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनीचे भागीदार झाले. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तुम्ही रोज त्याच्यावरून गाडी वळवता. पण त्या कंपनीचे बहुतेक सगळे मूकपट आज नाहीत. आणि ते पडदे? ज्या पडद्यांपासून हे सगळं सुरू झालं, त्यातला एखादा तरी हातभर तुकडा तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? मी नाही पाहिलेला.

पडदा रंगवणं काय असतं ते मला थोडंफार माहीत आहे, म्हणून हळहळ जास्त वाटते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तरुणपणी अशा एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली होते. जाडेभरडे कापड जमिनीवर अंथरायचं, सरस घालून खळ द्यायची, वाळली की चौकटी पाडायच्या. लहान कागदावरचं चित्र चौकटीगणिक मोठं करायचं. रंग कोरडे, पुडीतले : पिवडी, गेरू, हिरमुजी, निळा, काजळी. तेही सरसात कालवायचे, आणि सरस गरम असेपर्यंतच काम. लांब दांडीचा ब्रश हातात धरून, कापडावर अनवाणी चालत चालत चित्र काढायचं. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे हा रंग वाळला की फिका पडतो. ओला असताना जो गडद निळा दिसतो तो उद्या सकाळी आभाळी होणार, हे धरून आज लावायचा. अण्णा म्हणायचे, "उद्याचं दिसल्याशिवाय पडदेवाला होता येत नाही." ते काम शिकवणारं पुस्तक नव्हतं. ते हातातून हातात गेलं आणि हात थांबले तसं थांबलं.

पडद्यांची कामं आटल्यावर अण्णा बोर्डांकडे वळले. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, गंगावेश, कितीतरी दुकानांवर त्यांची अक्षरं होती. पत्र्याला आधी रेडऑक्साइड, मग पांढऱ्याचे दोन हात. खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधोमध टिचकी मारली की सरळ ओळ उठायची. ती टिचकी मारायचा मान माझा. डाव्या हातात टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि श्वास रोखून ब्रश ओढायचा. अक्षराचं अंग आधी, शिरोरेघ शेवटी, आणि ती एका दमात. मध्ये थांबला तर जोड दिसतो. 'ळ' काढता आला की पोरगं पेंटर झालं, अशी त्यांची परीक्षा होती, कारण 'ळ'ची दोन्ही पोटं सारखी दिसायची तर ती मापानं सारखी काढून चालत नाही. मी जी. डी. आर्टला नजरेचा तोल म्हणून जे शिकले, ते अण्णांनी मला आठव्या वर्षी एका अक्षरात दाखवलं होतं.

२००० सालानंतर चार-पाच वर्षांत फ्लेक्सनं हे काम संपवलं. मी फ्लेक्सवाल्यांवर राग धरून नाही, त्यांनाही पोट आहे. मला लागलं ते वेगळंच. अण्णा गेल्यावर त्यांचे दोन पत्रे घेऊन मी एका प्रदर्शनाच्या संयोजकांकडे गेले होते. कुठलं प्रदर्शन, कोण माणसं, ते इथे लिहीत नाही. मला अगदी नम्रपणे सांगण्यात आलं, "बाई, हे बोर्डाचं काम झालं. आपण इथं कला लावतोय." मी पत्रे पिशवीत घालून परत आणले. आजही ते माझ्या कपाटामागे आहेत.

ज्या गावचा सगळ्यात मोठा कलावंत 'पेंटर' हे नाव आयुष्यभर मिरवत होता, त्या गावात बोर्डाचं काम कलेबाहेर कधीपासून गेलं? रवींद्र मेस्त्रींचा कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा बघायला लोक आजही गाडी थांबवतात, घोडा मागच्या दोन पायांवर तोललाय म्हणून. तो तोल साधायला शिल्पकाराइतकाच ओतारी लागतो, लोहार लागतो. माधवराव बागल जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार. त्यांच्या पुढाकारानं बिंदू चौकात १९५० साली जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना. चौकात उभं राहणारं, दुकानावर लागणारं, नाटकात उघडणारं, घरात पणजोबांच्या जागी टांगलं जाणारं : कोल्हापूरची कला अशी लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वाढली. दालनात ती फार उशिरा गेली. म्हणून तिचा अर्धा वारसा आजही घराघरांत आहे, आणि म्हणूनच तो मुकाट्यानं भंगारात जातोय.

तर ही मोकळी भिंत त्या अर्ध्या वारशासाठी हवी आहे.

माझ्या डोळ्यांपुढे ती अशी आहे. प्रदर्शनाच्या आधी पंधरा दिवस पेठांतल्या तालमींच्या फळ्यांवर, मंडळांच्या सूचनाफलकांवर, भाजी मंडईत एक साधी सूचना लावायची : तुमच्या घरात हातानं काढलेलं जुनं चित्र, व्यक्तिचित्र, पडद्याचा तुकडा, बोर्ड, साचा, मूर्तीचा नमुना काहीही असेल तर एक दिवसासाठी घेऊन या. सही असो नसो. फाटकं असलं तरी चालेल. सकाळी आणायचं, भिंतीवर लागेल, आणि संध्याकाळी आपलं आपण घरी न्यायचं. आम्ही ठेवून घेणार नाही, विकत मागणार नाही, किंमतही सांगणार नाही. ही शेवटची वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहा. लोक चित्र बाहेर काढायला घाबरतात ते यासाठीच, कुणीतरी ते घेऊन जाईल म्हणून.

भिंतीशेजारी एक टेबल. टेबलावर जाड पुठ्ठ्याची वही. दळवीज आणि कलानिकेतन या कलाशाळांची मुलं तिथे पाळीपाळीनं बसतील. आलेल्या प्रत्येक कामाचा पुढून एक फोटो, मागून एक फोटो. मागचा फोटो विसरायचा नाही, सगळी माहिती तिथंच असते : फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कागदाच्या गिरणीचा शिक्का, पेन्सिलीतली वेळ. सही पुसट असेल तर उजेड बाजूनं आडवा पाडून तिसरा फोटो. मग वहीत लिहायचं : लांबी-रुंदी, कागद की कापड की पत्रा, कुठल्या गल्लीतल्या घरातून आलं, घरात कुठे टांगलेलं असायचं, आणि त्याविषयी घरातले काय सांगतात. ऐकीव असलं तर 'ऐकीव' असं लिहायचं. मालकाला नाव लिहायचं नसेल तर लिहू नये. नावापेक्षा गोष्ट महत्त्वाची. "आजोबा सांगायचे, हे काढणारा रोज दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा," ही एक ओळ पुढे कुणालातरी तो चित्रकार शोधून देईल.

आणि त्याच टेबलावर, चित्र घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या कानावर चार गोष्टी घालायच्या. तुम्हाला त्या पाठ असतील, घरोघरी नाहीत. तैलचित्र ओल्या फडक्यानं पुसू नका. रंगाला बारीक भेगा असतात. पाणी त्यांतून खाली सरसाच्या थरात उतरतं, तो फुगतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. बटाटा चोळायचा तर मुळीच नाही. माझ्या स्वतःच्या आत्यानं तो चोळलेला मी पाहिलाय, चित्र दोन दिवस चकाकलं आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी आली. वॉर्निश मारू नका, जलरंग लॅमिनेट करू नका. कागदावरचं चित्र खिडकीसमोर टांगू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. आपल्याकडच्या पावसात हे दोन तुकडे चित्राचं आयुष्य कितीतरी वाढवतात. आणि घर बदलताना टाकायची वेळ आलीच, तर टाकायच्या आधी एक फोन करा.

तुमच्या मनात शंका येणार, मला कल्पना आहे. दालनाचं भाडं सगळ्यांनी वाटून भरलेलं असतं, एक भिंत सोडायची म्हणजे आठ-दहा चित्रांची जागा जाते, कुणाचं तरी एक काम कमी लागणार. हो, लागणार. त्याची भरपाई मी करू शकत नाही. पण तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर 'वारसा' हा शब्द आहे. तो शब्द लिहिल्यावर इतकी जागा तरी त्याला द्यायला हवी. दुसरी शंका दर्जाची. रद्दी येईल, कॅलेंडरं येतील, कुणाच्या तरी मामानं काढलेला घोडा येईल. येऊ दे. घोडा भिंतीवर लागला म्हणून शेजारच्या चित्राची प्रत उतरत नाही, आणि मामाचा तो घोडा कुठल्या बोर्डावरून उतरवला होता ते कळलं तर आपल्याला एक पेंटर सापडेल. पंचवीस-तीस कामांत एखादंच खरोखर उत्तम निघालं तरी पुष्कळ आहे.

तिसरी शंका कुणी बोलून दाखवणार नाही, पण मी लिहिते. जुन्या निनावी कामाशेजारी आपलं काम लागलं तर लोक तुलना करतील. मला वाटतं ती व्हावी. गेल्या काही वर्षांत मी जितकी समूह प्रदर्शनं पाहिली, त्यांत रंकाळ्याचा सूर्यास्त दर खेपेला चार-पाच वेळा तरी होता. केशरी आभाळ, काळी झाडं, पाण्यात सोन्याचा पट्टा. त्यातले काही रंकाळ्यावर न जाता मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेले होते, हे जलरंग शिकवलेल्या माणसाला लगेच कळतं. आपली परंपरा तर उन्हात, वाऱ्यात, जागेवर बसून काम करण्याची. चंद्रकांत मांढरेंची पावडर शेडिंगची आणि रंगांतली निसर्गचित्रं राजारामपुरीत त्यांच्या घरी, त्या संग्रहालयात जाऊन पुन्हा एकदा पाहा. पडद्यावरचा एवढा मोठा नट, पण डोंगर काढायचा तर डोंगरासमोर जाऊन बसायचा. आजच्या रंकाळ्यात केंदाळ आहे, काठाला दगडी भिंत ढासळलेली आहे, सकाळी पोहायला येणारी म्हातारी माणसं आहेत. तो रंकाळा कुणीतरी काढा. शंभर वर्षांनी कुणी मागच्या पट्टीवर "सकाळ ७॥" वाचेल, तेव्हा त्याला आपला काळ दिसायला हवा.

टाउन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते तेव्हा मी दरवर्षी जाते. झाडाखाली गाणं चाललेलं, समोर कुणी माती लिंपतंय, कुणी कॅनव्हासवर माणूस उभा करतंय, आणि भोवती पोराबाळांसकट माणसं. भाजीची पिशवी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मी तिथे पाहते. दालनाच्या काचेच्या दाराशी त्याच बायका आत यायला कचरतात. चप्पल काढायची का, तिकीट आहे का, आपल्याला यातलं काय कळतं, असं मनात धरून बाहेरूनच परततात. पण स्वतःच्या सासऱ्यांचं चित्र भिंतीवर लागलेलं असेल तर तीच बाई शेजारपाजाऱ्यांना घेऊन येईल, आणि सासऱ्यांचं पाहून झालं की तुमचंही पाहील. प्रेक्षक येत नाहीत अशी खंत आपण दरवर्षी करतो. त्यांना यायला एक कारण मिळेल.

प्रदर्शन संपल्यावर वहीचं काय करायचं, तेही आत्ताच ठरवा, नाहीतर वहीच एक दिवस कुणाच्या तरी माळ्यावर जाईल. तिच्या तीन प्रती काढाव्यात असं मला वाटतं. एक कलाशाळेच्या ग्रंथालयात, एक वस्तुसंग्रहालयाला, आणि एक तुमच्यातल्या सगळ्यात तरुण सभासदाकडे. पुढच्या वर्षी वही तिथूनच पुढे सुरू करायची. नोंदींचं काम मी करीन. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही, पण अक्षर अजून चांगलं आहे आणि दिवसभर बसायची तयारी आहे.

शिवाजी पेठेतल्या त्या पोरानं घाटाचं चित्र टाकलं नाही. भाड्याच्या घरात जागा नाही, तरी पलंगाच्या उशाशी उभं करून ठेवलंय. मी त्याला विचारलं, एका दिवसासाठी आणशील का? म्हणाला, "आणतो की बाई. पण आईला पण आणतो, तिला त्या धुणं धुणाऱ्या बाईबद्दल काहीतरी आठवतंय."

मीही रिकाम्या हातानं येणार नाही. अण्णांच्या दोन पत्र्यांपैकी एक अपुरा आहे. एका हॉटेलसाठी काढायला घेतला होता, तेवढ्यात मालकानं फ्लेक्स करून घेतला आणि काम तिथंच राहिलं. लाल इनॅमलमध्ये 'मि' पुरा आहे, 'स' पुरा आहे. 'ळ' फक्त पेन्सिलीत आहे, दोन्ही पोटं नीट तोललेली. शिरोरेघ ओढायची राहिली आहे. तो मी पहिल्या दिवशी सकाळी दार उघडताच घेऊन येते. खिळा तेवढा मजबूत ठोकून ठेवा, पत्रा जड आहे.

तुमची,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
कोल्हापूर